तंजावरच्या पानावर

आमच्या पोखर्णीच्या शाळेत मी मुलांना इतिहास शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; त्यापुढे जे काही शिकले ते वाचनालयातल्या पुस्तकांपासून. दोन कादंबऱ्याही लिहून झाल्या आहेत. त्यामुळे गोष्ट रंगवून सांगण्याची खोड अंगी मुरलेली. सनावळ्यांनी कंटाळलेल्या वर्गाला जागे करायचे असले म्हणजे मी एक ठेवणीतली गोष्ट काढीत असे. संभाजी महाराज तंजावरला आपले चुलतभाऊ शहाजी राजे यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. त्या दिवशी मुदपाकखान्यात आमटीत घालायची आमसुले संपली होती. कोणीतरी शहाण्याने चिंचेचा कोळ घातला. आमटी महाराजांना फार आवडली आणि पाहुण्याच्या नावावरून तिला 'सांबार' म्हणू लागले! मुले खूश होत. घरी जाऊन आईला सांगत. पंधरा वर्षे ही गोष्ट मी अशीच वाढीत आले.

गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी उभी राहिली. शेवटच्या बाकावरची, फारशी न बोलणारी. म्हणाली, "बाई, हे कुठं लिहिलंय?"

"पुस्तकात," मी म्हणाले.

"कोणत्या?"

वर्ग हसला, मीही हसले. परंतु तास संपल्यावर ते हसू माझ्या तोंडावर राहिले नाही. कोणत्या पुस्तकात? मी कुठे तरी वाचले होते, कोणाच्या तरी तोंडून ऐकले होते, इतकेच. ज्या बाई मुलांना 'पुराव्याशिवाय बोलू नये' असे फळ्यावर लिहून देतात, त्यांच्यापाशीच पुरावा नव्हता. मनाशी ठरवले, उन्हाळ्याच्या सुटीत तंजावर पाहायचे. आणि एकटीने पाहायचे. कारण सोबत मिळण्याची वाट पाहत बसले असते तर ती मुलगी दहावी होऊन गेली असती.

घरात बेत सांगितला तेव्हा यजमानांनी विचारले, "सोबत कोण?" सासूबाईंनी विचारले, "आणि जेवशील कुठं?"

वाचकहो, दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. आमच्या बाजूला बाई एकटी प्रवास करते, देवदर्शनाला जाते, बाजारालाही जाते. पण एकट्या बाईने हॉटेलात शिरावे, टेबलाशी बसावे आणि 'काय आहे?' म्हणून विचारावे, हे चित्र अजून डोळ्यांना सवयीचे नाही. बाई वाढणारी. माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली. सगळ्यांच्या आधी, वाफाळत्या अन्नाच्या पानावर मी बसले असेन असे प्रसंग बोटांवर मोजता येतील. ही तक्रार नव्हे. आमच्याकडे बहुतेक घरी असेच असते. म्हणूनच कोणाच्या ते लक्षात येत नाही, माझ्याही आले नव्हते.

वैशाखातली नृसिंहजयंती झाली, यात्रा पांगली, आणि देवाचा निरोप घेऊन मी निघाले. परभणीहून हैदराबाद, तेथून मद्रास म्हणजे आताचे चेन्नई, आणि चेन्नईच्या एग्मोर स्टेशनावरून रात्रीच्या गाडीने तंजावर. सकाळी उतरले तेव्हा ऊन आमच्यासारखेच कडक होते. मात्र हवेत एक ओलसर चिकटपणा होता, जो परभणीकराला ठाऊक नसतो. कावेरीचे कालवे कोरडे पडलेले. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. त्याचे पाणी शिरस्त्याप्रमाणे १२ जूनला सोडतात. तोवर भाताचा तो सारा प्रदेश आमच्या रानासारखाच आभाळाकडे तोंड करून बसलेला असतो.

पहिल्या लॉजमध्ये एकट्या बाईला खोली देत नाहीत असे कळले. दुसऱ्यात मिळाली. बॅग ठेवून मी खाली आले, तो शेजारीच एक खाणावळ; दाराशी उदबत्तीचा आणि ताज्या कॉफीचा वास. उंबरठ्याशी माझा पाय अडला. आमचा नृसिंह हा उंबरठ्यावरचा देव. ना घरात, ना दारात. क्षणभर मीही तशीच उभी राहिले. आतून वाढप्याने हात करून जागा दाखवली, जणू मी रोजची गिऱ्हाईक. मी आत गेले.

पुढ्यात इडली आली, पोंगल आले, आणि पितळी वाटीत उभा पेला घालून कॉफी आली. तिकडे त्या जोडीला दवरा आणि टंबलर म्हणतात. एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतून कॉफी निववायची. कुंभकोणम गाव तेथून जवळच. त्या गावाच्या नावाने 'डिग्री कॉफी' प्रसिद्ध आहे. दुधाचा कस यंत्राने मोजून चोख दूध वापरायचे, त्या मोजणीवरून हे नाव पडले असे सांगतात. ही कॉफी तमिळ घरांत पुरातन काळापासूनची असेल असे वाटते. पण तिचा खरा प्रसार विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्याआधी सकाळी तेथे शिळ्या भाताची पेज असे. जुने म्हणून जे आपण डोळे मिटून मानतो ते आजोबांच्या वेळचे नवे असते.

आणि उलटही असते. इडली म्हणजे मद्रासकडचा पदार्थ अशी माझी समजूत. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नाच्या प्रकरणात 'इडरिका' आहे, वडे आहेत, डोशासारखा एक पदार्थही आहे. ती इडरिका उडदाची, तांदळावाचून केलेली. तरी नाव ओळखू येते. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या हद्दीला लागून. आमचा मुलूख त्याच चालुक्यांच्या राज्यात होता. तंजावरात बसून इडली खाताना कळले की तिची जुनी ओळख आमच्या शेजारच्या गावी आहे.

दुपारी बृहदीश्वराच्या देवळात गेले. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले हे देऊळ. शिखर दोनशे फुटांहून उंच. मान वर करून पाहावे आणि बोलणे विसरावे, असे. पण मी ज्यासाठी गेले होते ते वर नव्हते, प्राकाराच्या भिंतीवर होते. नैर्ऋत्येच्या बाजूला ओवरीच्या दगडात ओळींमागून ओळी कोरलेल्या. चहूकडे तमिळ, एक अक्षर लागत नव्हते. आणि एकाएकी बालबोध लिपी, मराठी भाषा. भोसले वंशाची बखर! तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी बाबूराव चिटणीस यांच्याकडून ती लिहवून १८०३ च्या डिसेंबरात येथे कोरविली. मराठीतला हा सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. मी बोटाने वाचू लागले. घरापासून हजार मैलांच्या आसपास आल्यावर दगड आपल्या भाषेत बोलू लागतो, तेव्हा शाळेतल्या बाईचेही डोळे भरून येतात. मागे एक तमिळ कुटुंब उभे होते. त्यांच्या लहान मुलीने मला खुणेने विचारले, हे तुम्हाला वाचता येते? मी मान हलवली. ती आपल्या आईकडे वळून आश्चर्याने काही बोलली.

तंजावरात मराठे आले कसे, हे थोडक्यात सांगते. शहाजी राजे १६६४ साली कर्नाटकात वारले. त्यांचे धाकटे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी, विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत होते. तंजावरच्या नायक घराण्याचा मदुरेच्या नायकांनी १६७३ साली पाडाव केला. त्या गोंधळात १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले. १६७७ साली महाराज दक्षिण दिग्विजयावर गेले तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतला वाटा मागितला गेला, बोलणे फिसकटले. भावाभावांचा वाटणीचा तंटा! राजघराण्यातही तेच आणि आमच्या गावच्या तलाठ्याच्या दप्तरातही तेच. पण राज्य टिकले. १८५५ पर्यंत, पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षे भोसले तंजावरला राहिले. त्यात व्यंकोजींचे पुत्र शहाजी, १६८४ ते १७१२ पर्यंत गादीवर असलेले, स्वतः नाटके लिहिणारे रसिक राजे. माझ्या सांबाराच्या गोष्टीतले यजमान ते हेच.

रात्री एका मोठ्या खाणावळीत केळीच्या पानावर जेवले. पानाचे निमुळते टोक डाव्या हाताला. त्यावर पाणी शिंपडायचे. मग एकामागून एक वाढपी येतात: सुकी भाजी, डाळ घातलेली पातळशी भाजी, लोणचे, पापड, आणि मध्ये भाताचा ढीग. भातावर आधी सांबार, मग चिंचेचे झणझणीत कुळंबू, मग रसम्, शेवटी ताक. प्रत्येक वेळी नवा भात. जेवण झाले की पान आपल्याकडे दुमडायचे, म्हणजे 'तृप्त झालो' असा निरोप. मी थांबा म्हणेपर्यंत तो माणूस वाढीत होता. कोणीतरी मला वाढीत आहे आणि मला उठून काही आणायचे नाही, या अवस्थेत काय करायचे असते ते मला ठाऊकच नव्हते. हात सारखा पदराकडे जाई. हळूहळू लक्षात आले की काहीच करायचे नसते, जेवायचे असते.

तेवढ्यात सांबाराची बादली घेऊन तो पुन्हा उभा राहिला. "सांबार?" हा एकच शब्द आम्हा दोघांत समान होता. आणि त्या शब्दाचा जाब मला त्या मुलीला द्यायचा होता.

तो जाब असा. शहाजी राजे गादीवर आले १६८४ साली. संभाजी महाराजांचा वध झाला मार्च १६८९ मध्ये. म्हणजे गोष्ट घडायची तर या पाच वर्षांत. औरंगजेब आपल्या अफाट फौजेसह दख्खनेत उतरला होता, आणि महाराज एका मोहिमेतून दुसऱ्या मोहिमेत गुंतले होते. त्या धामधुमीत ते तंजावरच्या राजवाड्यात पाहुणचाराला गेले आणि त्यांच्या नावाने आमटीला नाव पडले, याला समकालीन कागदाचा आधार पुढे आलेला नाही. शब्दाची गोष्ट निराळीच आहे. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेली सामग्री. त्यावरून मसाल्याच्या जिनसांना संभार म्हणू लागले. विदर्भात आजही बाजारात सांबार मागा, भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात देईल. केरळात 'संभारम्' म्हणजे मिरची-आले घातलेले ताक. एवढे भाऊबंद असताना या शब्दाला राजाच्या नावाची गरज उरत नाही.

मग असल्या गोष्टी जन्मतात तरी का? माणसाला आवडत्या पदार्थाला थोर बाप हवा असतो. यात आपण एकटे नाही. इटलीच्या लोकांची शेवया-पास्त्याची आवड जगजाहीर. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने तो पदार्थ चीनमधून आणला अशी कथा जगभर सांगतात. पोलो परत आला १२९५ साली. आणि अल्-इद्रीसी नावाच्या अरब भूगोलकाराने ११५४ सालीच लिहून ठेवले आहे की सिसिली बेटावर अशा वाळवलेल्या शेवया होतात आणि गलबते भरून परदेशी जातात. पण कोण ऐकतो! व्हेनिसच्या एखाद्या भोजनालयात एकटा बसलेला प्रवासी पास्ता खाताना मार्को पोलोला आठवीत असेल, तसेच आम्ही सांबार ओरपताना संभाजी राजांना आठवतो. प्रेम खरे असते, फक्त दाखला खोटा असतो. महाराजांचे मोठेपण आमटीवर अवलंबून नाही, आणि सांबाराची चवही वंशावळीवर नाही.

दुसरा दिवस सरस्वती महाल ग्रंथालयात गेला. राजवाड्याच्या आवारातले हे ग्रंथालय नायकांच्या वेळेपासूनचे. त्याला वैभव दिले सरफोजींनी. हे राजे १७७७ साली जन्मले, तुळजा राजांनी त्यांना दत्तक घेतले, आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. काशीयात्रेला गेले तेव्हा तेथूनही पोथ्या घेऊन आले. ताडपत्रे, संस्कृत-तमिळ-तेलुगू पोथ्या, मोडी दप्तरे. नुसती मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात. काचेपलीकडची ती पाने पाहताना वाटले, राज्य गेले, तोफा गेल्या, कागद राहिला.

खाण्यापिण्याचे कागदही आहेत. रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. समर्थ रामदासांशी त्यांचा स्नेह होता, आणि व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दिवाळीच्या दिवसांत सांगण्यासारखी मौज अशी की, त्यात 'कुंडलिका' या नावाने आपल्या जिलबीची कृती आहे. सरफोजींच्या काळची पाककृतींची मराठी वहीही 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने तेथे आहे. बखरीत लढाया असतात. पण लढाईहून परतलेला माणूस काय जेवला हे कोणीतरी लिहून ठेवल्याशिवाय त्याचे घर आपल्याला दिसत नाही.

त्याच दुपारी खाणावळीत शेजारी एक वृद्ध बाई येऊन बसल्या. मी फोनवर घरी बोलत होते ते ऐकून त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "मराठी?" मग बोलू लागल्या. हेल सगळा तमिळ. पण क्रियापदे माझ्या आजीची! त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या तंजावरातच गेल्या. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नाही. घरात मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ. पानातल्या एका पदार्थाकडे बोट करून म्हणाल्या, याला इकडचे लोक 'पिट्लै' म्हणतात. मी पाहिले: तुरीची डाळ, कारली, वाटलेले खोबरे. पिठल्याचा त्यात मागमूस नाही, बेसनाचा कणही नाही. नाव मात्र आमच्या पिठल्याचेच असे त्यांचे म्हणणे, आणि तिकडे पुष्कळजण तसेच मानतात. उडदाच्या पिठाचे डांगर मात्र दह्यात कालवून, वर फोडणी देऊन, त्यांच्या घरी अजून होते. 'डांगर पचडी' या नावाने ते तमिळ घरांतही शिरले आहे. पुरणपोळी तेथे नुसती 'पोळी' झाली आहे. माणसे परमुलखात गेली की भाषा झिजते, पोशाख बदलतो. जिभेची आठवण सर्वांत शेवटी जाते. उठताना त्या बाईंनी माझे पान पाहिले, मी दुमडले नव्हते. त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने ते दुमडले आणि म्हणाल्या, "असे. नाहीतर तो समजेल, बाई उपाशी उठली."

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तिकडे येते. तिसऱ्या दिवशी बसने ओरत्तनाडला गेले. तंजावरच्या दक्षिणेला हे गाव. तेथे मुक्तांबाळ छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी अशी छत्रे बांधली; आणि त्यांपैकी कितीएक राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची: यमुनांबाळ, द्रौपदांबाळ, राजकुमारांबाळ. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिय सखी. ती तरुणपणीच वारली. आपल्या नावाने एक छत्र व्हावे अशी तिची शेवटची इच्छा होती, असे सांगतात. राजांनी १८०२ साली ते बांधले. जोत्याला दगडी हत्ती-घोडे जुंपलेले, जणू इमारत म्हणजे रथ. आज तिची पडझड झाली आहे, दगडातून रोपटी उगवली आहेत. पण प्रेमाची आठवण म्हणून ज्याने थडगे बांधले नाही, परक्या भुकेल्यांसाठी स्वयंपाकघर बांधले, त्या राजाची ओळख मला तेथे पटली.

या छत्रांत काय चाले याचा कागद आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, राजांकडे किल्ला आणि नेमणूक उरली. छत्रांच्या गावांचे पुढे काय, हा प्रश्न आला तेव्हा १८०१ च्या जानेवारीत सरफोजींनी रेसिडेंटाला एक सविस्तर पत्र लिहिले. ते इंग्रजीत छापलेले आहे. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने, शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. राजे लिहितात त्याचा मतलब असा: ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला शिजवलेला भात मिळतो, ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला कोरडा शिधा. छत्राला जोडून शाळा आहे, पंतोजी आहे; परक्यांची अनाथ मुले त्याच्या स्वाधीन केली जातात, त्यांना तीन वेळा जेवू घालतात, चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालतात. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्य मिळते. गरोदर बाई वाटेत अडली तर तिचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होते. आणि अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चालते. मध्यरात्र झाली की घंटा वाजवतात आणि हाळी देतात: ज्यांना अजून अन्न मिळाले नाही त्यांनी यावे.

ते वाक्य मी तीनदा वाचले. मध्यरात्री घंटा कोणासाठी? जो उशिरा पोचला त्याच्यासाठी. जो संकोचाने मागे राहिला त्याच्यासाठी. जो सगळ्यांना वाढून शेवटी राहिला, त्याच्यासाठीही असेल. या छत्रांमुळे आपल्या मुलखाला धर्मराज्य म्हणतात आणि तोच आपला सर्वांत मोठा मान आहे, अशा आशयाचे राजांनी लिहिले आहे. हातून तलवार गेलेला राजा कंपनीपाशी मागतो काय, तर परक्याला जेवू घालण्याचा हक्क!

इतिहासाला मात्र सोन्याचा मुलामा देऊ नये. एकदा चूक केली आहे, पुन्हा नको. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्वांना अन्न मिळे, म्हणजे सर्व एका पंक्तीला बसत असे नव्हे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पंक्ती वेगळ्या असत. आणि तो भात कावेरीच्या चिखलात राबणाऱ्या कुळांच्या घामाचा होता. एका दालनात, शेजारी शेजारी, जात न विचारता बसण्याची गोष्ट फार अलीकडची आहे. आगगाडीच्या स्टेशनांवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी अशी वेगळी असे. दक्षिणेतल्या हॉटेलांत ब्राह्मणांसाठी निराळी जागा असे. १९५७ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात एका हॉटेलाच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांनी महिनोन्महिने निदर्शने केली, तुरुंगवास पत्करला. अखेर तो शब्द गेला. आमच्या महाराष्ट्रात तर पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला.

१९५० साली आपले संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथे मज्जाव करता येणार नाही. लिंग हा शब्दही तेथे आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात घटनाकारांना खाणावळीची आठवण ठेवावी लागली, यावरून ते दार किती घट्ट बंद होते ते समजावे. आता त्या दारातून एक बाई एकटी आत गेली आणि वाढप्याने तिची जात विचारली नाही, 'सोबत कोण' हेही विचारले नाही, फक्त विचारले, "सांबार?" या एका प्रश्नापाशी पोचायला दोनचार पिढ्यांना भांडावे लागले आहे.

सुटी संपली, शाळा भरली. मी आणलेली तंजावरची चित्रे वर्गात फिरवली. मग फळ्यापाशी उभी राहून सांगितले, "सांबाराची जी गोष्ट मी तुमच्या मोठ्या भावाबहिणींना सांगितली, तिला पुरावा नाही. ती दंतकथा आहे. मी चुकले होते." वर्ग गप्प झाला. बाई चुकतात ही बातमी त्यांना सांबारापेक्षा मोठी होती. मग मी छत्रांची हकिकत सांगितली, शाळेची, अनाथ मुलांची, मध्यरात्रीच्या घंटेची.

शेवटच्या बाकावरून हात वर झालाच. "बाई, ती घंटा तरी खरी?"

"खरी," मी म्हणाले. "तिचा कागद आहे. जानेवारी १८०१."

तिने ते साल वहीत लिहून घेतले.

घरीही ही हकिकत सांगितली होती. सासूबाई ऐकत होत्या, बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चुलीपाशी स्वतः बसकण मारली, माझ्यापुढे ताट सरकवले आणि म्हणाल्या, "बस. घंटा झाली."